आगंतुक टपालास आवर हवा

देवपुरातील निवृत्त शिक्षक असो वा आग्रा रोडवरील व्यापारी, ई-मेलची पेटी उघडताच त्यास प्रथम केर काढावा लागतो. नकोशा दूरध्वनींविरुद्ध व लघुसंदेशांविरुद्ध १९०९ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते; ई-मेलच्या उपद्रवासाठी तशी सोय सरकारने केलेली नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ साली घातलेल्या ‘६६ अ’ कलमात त्रासदायक व प्रेषकाविषयी दिशाभूल करणाऱ्या ई-मेलला शिक्षा होती. परंतु त्याच कलमाखाली २०१२ साली पालघरच्या दोन तरुणींना, एका साध्या मतप्रदर्शनासाठी, अटक झाली! २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम समूळ रद्द केले, हे योग्यच झाले. मात्र सुक्याबरोबर ओलेही जळाले. मतस्वातंत्र्यास धक्का न लावता केवळ घाऊक जाहिरातपत्रांपुरता कायदा करणे अशक्य नाही. अमेरिकेने तो २००३ सालीच केला. तेथील केर त्याने संपला नाही, हे आम्ही जाणतो. पण अपराध कशास म्हणावे हे तरी ठरले. धुळ्याच्या खासदारांनी हा प्रश्न लोकसभेत उपस्थित करावा. तोवर अनोळखी पत्रातील ‘नाव कमी करा’ हे बटण नागरिकांनी दाबू नये. पत्ता चालू असल्याची खूण पाठविणाऱ्यास नेमकी त्यातूनच मिळते.