प्रश्न एक, उत्तर भलतेच!

गेल्या वर्षी अंतर्गत परीक्षेचे पेपर हाती आले, तेव्हा माझ्या उत्तरपत्रिकेवर सरांनी लाल शाईने एकच वाक्य लिहिले होते. 'लिहिले पुष्कळ, पण प्रश्नाला धरून नाही.' वास्तविक मी दोन पुरवण्या जोडल्या होत्या! प्रश्नात एक ओळखीचा शब्द दिसला आणि त्या शब्दाखाली जे जे पाठ होते ते सारे मी कागदावर ओतले. आपल्यापैकी अनेकांनी हे केले असेल. फरक इतकाच, की त्याच सुमारास मी दुसऱ्या एका ठिकाणी नेमका हाच दोष करीत होते आणि तिथे मला त्याचे पैसे मिळत होते.

ते एक छोटेसे कार्यालय होते. बांधकाम व्यावसायिकांच्या घरांची जाहिरात इंटरनेटवर करणे हा त्यांचा उद्योग. कुणी मोबाइलवर 'हिंजवडीजवळ फ्लॅट' असे शोधले, की आपल्या गिऱ्हाइकाचे पान वरच्या ओळीत दिसावे, ह्यासाठी जी खटपट करतात तिला सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, थोडक्यात एसईओ म्हणतात. मी पुनावळ्याची आणि आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. सुट्टीत फीपुरते पैसे मिळतील म्हणून मी काम धरले, आणि पुनावळ्यावरचे लेख साहजिकच माझ्याकडे आले. सूचना एवढीच होती, की 'हिंजवडीपासून दहा मिनिटांवर' हे शब्द लेखात पुन्हा पुन्हा आले पाहिजेत.

मुंबई-बंगळूर महामार्गाखालचा आमचा भुयारी मार्ग ज्यांनी सकाळी नऊ वाजता पाहिला आहे, त्यांना ही दहा मिनिटे किती लांबतात हे सांगायला नको. मी तर ती कोंडी रोज पाहते. तरीही लिहीत राहिले.

ह्या धंद्याचा इतिहास मोठा गमतीदार आहे. सुरुवातीची शोधयंत्रे मुख्यतः पानावरचे शब्द जुळवून पाहत. मग विक्रेत्यांनी पाने शब्दांनी ठासून भरली. काहींनी तर पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवले, म्हणजे यंत्राला दिसावेत पण माणसाला दिसू नयेत! स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन ह्या दोन विद्यार्थ्यांनी 1998 मध्ये गूगल कंपनी काढली. एखाद्या पानाकडे इतर कोणती पाने बोट दाखवतात हेही त्यांचे यंत्र मोजू लागले. तेव्हा लोकांनी अशी बोटेही विकत घेतली. पुढे 2011 मध्ये 'पांडा' नावाच्या बदलाने पोकळ मजकूर, तर 2012 मध्ये 'पेंग्विन' नावाच्या बदलाने शब्दांची भरताड आणि विकतचे दुवे मागे ढकलण्यात आले. 2019 मधील 'बर्ट'पासून वाक्यातल्या शब्दांचा एकमेकांशी असलेला संबंधही अधिक बारकाईने पाहिला जाऊ लागला. आज आपल्या परिसरातले दुकान शोधताना गूगल मुख्यतः तीन गोष्टी पाहते: प्रश्नाशी संबंध, अंतर आणि ख्याती. पैसे देऊन केलेल्या जाहिरातीतही केवळ जास्त बोली लावणारा जिंकत नाही. जाहिरात प्रश्नाशी किती जुळते हेही पाहिले जाते.

म्हणजे यंत्रसुद्धा आमच्या सरांसारखेच 'प्रश्नाला धरून लिहा' म्हणते. तर्कशास्त्राच्या तासाला आपण प्रस्तुत आणि अप्रस्तुत असे शब्द ऐकतो. ह्या बाजारातले सारे भांडण त्या 'प्रस्तुत' शब्दाभोवतीच चालले आहे.

तथापि यंत्राला एक गोष्ट सहजी कळत नाही, ती म्हणजे काय लिहायचे टाळले आहे. 2023 मध्ये, मी अकरावीत असताना, पुनावळ्यात कचरा डेपोविरुद्ध आंदोलन पेटले होते. महापालिकेने डेपोसाठी जागा राखून ठेवलेली आहे हे गावातल्या जुन्या माणसांना कित्येक वर्षे ठाऊक होते. पण नव्या सोसायट्यांत कर्ज काढून आलेल्या कितीतरी कुटुंबांना ते ताबा मिळाल्यावर समजले. मोर्चातल्या एक ताई माझ्या आईला म्हणाल्या, "आम्ही महिनाभर मोबाइलवर पुनावळे पुनावळे शोधत होतो हो! सगळीकडे बागा नि जलतरण तलाव. हे कुणीच कसं सांगितलं नाही?" त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात तो डेपो रद्द करण्याची घोषणा झाली. परंतु त्या ताईंचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. कारण पुढे 'कुणीच सांगितले नाही' म्हणणाऱ्यांच्या यादीत मीच जाऊन बसले. भुयारी मार्गाची कोंडी मीही लिहिली नव्हती. माझे लेख यंत्राच्या दृष्टीने प्रस्तुत होते, विचारणाऱ्या माणसाच्या दृष्टीने नव्हते.

ह्यावर कुणी म्हणेल, विकणाऱ्याने आपल्याच मालाचे दोष सांगत बसावे काय? बोलणाऱ्याचे हुलगेही खपतात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, असे आपल्याकडे म्हणतातच. मान्य. पण ह्याचे उत्तर मला घरीच मिळाले. आई जेवणाचे डबे देते. तिची नोंद मीच गूगलवर केली आणि शहाणपणाने 'वाकड, हिंजवडी, बाणेर' अशी सगळी नावे भरली. बाणेरहून फोन येऊ लागले. पोळ्या लाटता लाटता आईने प्रत्येकाला 'तिकडं नाही हो जमणार' म्हणायचे; एकाने तर रागाने एकच तारा दिला. शेवटी मी ते सारे खोडून लिहिले: 'फक्त पुनावळे. काटे वस्ती आणि कोयते वस्तीत घरपोच. शाकाहारी. रविवारी बंद.' फोन निम्म्यावर आले, पण जे आले त्यांतले बरेच जण आजही डबा घेतात. 'रविवारी बंद' हा तसा दोषच. पण विचारणाऱ्याला तोच आधी कळायला हवा होता.

डबा नाही आवडला तर उद्या बंद करता येतो. घराचे हप्ते मात्र वीस वर्षे फेडावे लागतात. म्हणूनच 1 ऑगस्ट 2023 पासून महारेराने घरांच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला. तो स्कॅन केला की प्रकल्पाची नोंदणीकृत माहिती समोर येते. हे योग्यच झाले. पण नियम झाला तरी लेख लिहिणारा हात माणसाचाच, आणि पुष्कळदा तो आपल्यासारख्या विद्यार्थ्याचाच असतो.

"बीए करून काय करणार?" हा प्रश्न मला गावात नेहमी विचारतात. मित्रहो, आपल्यापैकी काही जण उद्या हेच काम करतील, कारण शब्द हेच आपले भांडवल आहे. ते जरूर करावे. मात्र लिहिताना समोर यंत्र न आणता, कर्जाच्या कागदावर सही करायला निघालेली एखादी ताई आणावी आणि तिने काय विचारले आहे ते नीट ऐकावे. मी त्या कार्यालयात सांगितले, की भुयारी मार्गाबद्दल एक ओळ घालू दिली तरच पुढचा लेख लिहीन. त्यांनी काम दुसऱ्याला दिले. यंदाची फी आईच्या डब्यांतून भरली.