गाठींतला गुलाबी रंग

हरभऱ्याचे महिना-सव्वा महिन्याचे रोप उपटू नये. खुरप्याने मातीसकट खणून काढावे आणि मुळे पाण्यात हलकेच धुवावीत. उपटल्यास जे पाहावयाचे तेच मातीत तुटून राहते. मुळांवर बारीक गाठी दिसतात. पुष्कळांना तो रोग वाटतो. सूत्रकृमींच्या गाठी रोगाच्या खऱ्या, पण त्या मूळच फुगल्याने होतात, सहज सुटत नाहीत. या गाठी सुटतात. एखादी नखाने फोडावी. आत गुलाबी रंग असेल तर ती काम करीत आहे. हिरवट असेल तर तिचे काम संपले.

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असूनही पिके उपाशी राहतात, कारण त्याचे दोन अणू एकमेकांना अतिशय घट्ट धरून असतात. गाठीत राहणारे रायझोबियम जीवाणू ते बंध तोडून नत्राचा अमोनिया करतात. रोप त्यांना साखर देते, ते रोपाला नत्र देतात. असा हा उधारीविना चालणारा व्यवहार. मात्र नत्र फोडणाऱ्या विकराला प्राणवायू सोसत नाही. त्याला आवरून धरणारे, आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या कुळातले द्रव्य गाठीत असते. गुलाबी रंग त्याचाच.

जर्मनीत हेलरीगेल यांनी वाळूच्या कुंड्यांत ओट आणि वाटाणा वाढविला. ओट घातलेल्या नत्राच्या प्रमाणातच वाढे. वाटाणा मात्र नत्र न घालताही कधी तरारे, कधी खुरटे. वाळू निर्जंतुक केली की तो हमखास खुरटे. थोडे शेतमातीचे पाणी घातले की सावरे. हा उलगडा त्यांनी १८८६ मध्ये मांडला; १८८८ मध्ये हॉलंडच्या बायरिंक यांनी तो जीवाणू वेगळा काढला.

आज तोच जीवाणू पाकिटात मिळतो; साधारण २५० ग्रॅम संवर्धन १० किलो बियाण्यास. गुळाच्या गार पाण्यात कालवून बियाण्यास चोळावे, सावलीत सुकवावे, लगेच पेरावे. बुरशीनाशक लावायचे असल्यास आधी, जीवाणू शेवटी. हरभऱ्याचा जीवाणू सोयाबीनला चालत नाही, हे विक्रेत्याने गिऱ्हाइकास आवर्जून सांगावे. युरियाचा हात सैल सोडला तर रोप गाठी धरण्याचे कष्टच घेत नाही. राजमा या बाबतीत मुळातच आळशी.

सर्वांत नाजूक जागा मात्र दुकानातच आहे. पाकिटात सजीव वस्तू आहे. पत्र्याखालच्या तापलेल्या फळीवर, खताच्या पोत्यांशेजारी ती मरते, मुदत संपल्यावरही मरते. आणि पाकीट बाहेरून तसेच दिसते. बियाणेही नेहमीसारखेच उगवते. चाळीस दिवसांनी शेतकरी रोप खणतो, मुळे धुतो, आणि गाठ सापडत नाही. तेव्हा पेरणीची वेळ कधीच टळून गेलेली असते.