जुना संगणक आणि नवीं छायाचित्रें

डिजिटल कॅमेऱ्यासोबतची सीडी हरवली कीं स्नेहसंमेलनाचीं छायाचित्रें जुन्या संगणकांत उतरतच नाहींत, हा समज आम्हांस निराधार वाटतो. त्यापायीं गरीब पालकांस नवा संगणक घ्यावयास सांगणें तर अन्यायाचें होय. चित्रें सीडींत नव्हे, कॅमेऱ्यांतील कार्डांत असतात. तें काढून कार्ड-रीडरमध्यें घालावें आणि ‘डीसीआयएम’ नांवाच्या फोल्डरांतून नक्कल करून घ्यावी. विंडोज एक्सपीस एवढें पुरतें. विंडोज ९८ ला मात्र निराळा ड्रायव्हर लागतो. २ जीबीहून मोठें कार्ड जुना रीडर बहुधा वाचीत नाहीं. अशा वेळीं रीडर बदलावा. नकला दोन ठेवाव्या, व त्या उघडून पाहिल्याखेरीज कार्ड पुसूं नये. कोल्हापुरांतच कॅमेरा घडवून बाबूराव पेंटरांनीं १९२० सालीं ‘सैरंध्री’ पडद्यावर आणिली. त्यांचे बहुतेक मूकपट आज पाहावयास मिळत नाहींत.