अब्बांच्या सायकलला मोटार कुठे हवी?

या महिन्यात स्वयंपाकघरातून जरा अंगणात येऊ या. गेले तीन आठवडे आमच्या दस्तरखानावर एकच विषय आहे : अब्बांची सायकल.

अब्बांनी सत्तरी ओलांडली आहे. पुलगावची कापड गिरणी चालू होती तेव्हापासून ते सायकलवरच. फजरची नमाज, मग बाजार, मग एखाद्या दोस्ताकडे चहा. दिवसाचे सहा-सात किलोमीटर होतात. यंदा गुडघे कुरकुरू लागले. डॉक्टर म्हणाले, सायकल सोडू नका, फक्त जोर लावू नका. अम्मीला स्कूटर मंजूर नाही, अब्बांना घरात बसणं मंजूर नाही. म्हणून बॅटरीची सायकल घ्यायचं ठरलं आणि वादाला तोंड फुटलं. पुण्याचा धाकटा भाऊ रोज फोनवर सांगायचा, "आपा, घ्यायची तर मिड ड्राइव्हच घे. हब मोटार म्हणजे नुसतं खेळणं."

फरक असा. हब सायकलची मोटार चाकाच्या मधोमध, बहुधा मागच्या चाकात बसवलेली असते आणि ती चाकालाच फिरवते. चेनशी तिचा संबंध नाही. मिड ड्राइव्हची मोटार पायडलपाशी असते. आपले पाय आणि मोटार दोघंही तीच चेन ओढतात. त्यामुळे मोटारलाही गिअरचा फायदा मिळतो. जपानच्या यामाहाने 1993 मध्ये बाजारात आणलेली मोटारची सायकल याच पद्धतीची होती. चढावर हलका गिअर टाकला की मोटार न दमता वर नेते. हबची मोटार मात्र लांबच्या उभ्या चढावर तापते.

पण पुलगावात चढ आहे कुठे? नदीकडून गावात येताना थोडासा, बस्स. आमच्या खाला रत्नागिरीला असतात. तिथे घराबाहेर पडलं की चढ नाहीतर उतार. त्यांच्या मुलाने विचारलं तर मी मिड ड्राइव्हच सांगेन. वर्ध्याच्या सपाटीवर मात्र त्यासाठी कितीतरी जास्त पैसे मोजायचे कशाला? शिवाय मोटारचा जोर चेनवर आला की चेन आणि गिअरच्या चकत्या लवकर झिजतात.

भावाचा दुसरा मुद्दा पंक्चरचा. हबचं मागचं चाक काढायचं म्हणजे मोटारची वायर सोडवा, जाड नट खोला, सगळं परत नीट बसवा. बरोबर आहे. पण आपल्याकडचे पंक्चरवाले चाचा चाक काढतातच कधी? सायकल आडवी पाडतात, टायरची एक बाजू उचकटतात, ट्यूब ओढून पाण्यात बुडवतात आणि ठिगळ लावतात. नवी ट्यूब किंवा टायर टाकायचा तेव्हाच चाक उतरवावं लागतं. मी दुकानदाराकडून ते एकदा समोर करून घेतलं आणि मोबाइलवर चित्रण करून ठेवलं. चाचांना दाखवलं तर म्हणाले, "बेटा, एवढंच होय?"

खरी अडचण निघाली ती भलत्याच ठिकाणी. दुकानासमोर अब्बांनी चक्कर मारली. वळताना त्यांनी पायडल सहज अर्धं फिरवलं आणि सायकल एकदम पुढे झेपावली. अब्बा सावरले, माझं काळीज मात्र लकलकलं. स्वस्त सायकलींत पायडल फिरतंय एवढंच मोटारला कळतं. पाय किती जोराने दाबतोय ते कळत नाही. जोर मोजणारा सेन्सर असेल तर मोटार आपल्या दाबाच्या प्रमाणात मदत करते. ते हबमध्येही मिळतं, म्हणून मोटार कुठे आहे हे विचारण्याआधी सेन्सर कोणता आहे ते विचारा. पण तिथेही थोडा जोर द्यावाच लागतो, आणि अब्बांना नेमका तोच नको. शेवटी आम्ही साधा सेन्सरच घेतला. मदत सर्वांत कमी पायरीवर ठेवली, वळताना पायडल थांबवायचं ठरवलं, आणि ब्रेक दाबताच मोटार बंद पडते ना, हे दहादा तपासलं.

कायद्याचं थोडक्यात : मोटार 250 वॅटपर्यंत, वेग ताशी 25 किलोमीटरपर्यंत आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत असेल, तर लायसन्स आणि नंबरप्लेट लागत नाही. मात्र त्या मॉडेलला चाचणी संस्थेची मान्यता असावी लागते, पुण्याची एआरएआय ही त्यांपैकीच एक. दुकानदाराकडे तो कागद मागा. "मॅडम, ही चाळीसनेही पळते" असं कुणी कौतुकाने सांगितलं तर दुसरं दुकान गाठा.

आमची बॅटरी 36 व्होल्ट, साडेसात ॲम्पिअर-तासांच्या आसपास. एकदा पूर्ण चार्ज करायला साधारण एक तृतीयांश युनिट वीज लागते. पायडल न मारताही सपाटीवर वीस-पंचवीस किलोमीटर निघतात, म्हणजे अब्बांचे तीन दिवस. पण आपल्याकडचा मे महिना लक्षात ठेवा. पारा 45 च्या घरात असताना बॅटरी उन्हात तापली की तिचं आयुष्य घटतं. म्हणून सुटी निघणारी बॅटरीच घ्या. बाहेरून आल्यावर ती तासभर सावलीत निवू द्या, मगच चार्जर लावा, आणि रात्री सगळे झोपल्यावर तो चालू ठेवू नका.

आमच्याकडे हे काम अम्मीने घेतलंय. जुहरनंतर बॅटरी तिच्या ताब्यात असते, असरला परत मिळते. भाजीची पिशवी अडकवायला हँडलला जागा उरली नाही, ही अब्बांची तक्रार तेवढी बाकी आहे. मागे कॅरियर बसवायला चाचांना सांगितलंय.