रेडा वेद बोलला, आमचं पोरगं का बोलत नाही?

माझं गाव आळे, तालुका जुन्नर. गावात रेड्याची समाधी आहे. पैठणच्या ब्राह्मणांपुढं ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले, तोच हा रेडा, अशी कथा. कथेवर मी वाद घालत नाही. एवढंच बघतो की रेड्याचं रक्त कुणी तपासलं नाही. बौद्धवाड्यातल्या पोराचं मात्र तपासतात.

माझा भाचा चौथीत आहे. वर्गात तोंड उघडत नाही. मास्तर अक्काला म्हणाले, "बाई, बियाणंच तसं, त्याला आम्ही काय करणार?" अक्का घरी आली, चुलीपुढं बसली, मला म्हणाली, "खरं असंल का रं?"

मास्तराचा मला राग आला. पण अक्काच्या त्या प्रश्नानं मी हादरलो. शिवी पचते, शिवी खरी वाटायला लागली की माणूस संपतो.

दोस्तांनो, हा बियाण्याचा सिद्धांत जुना आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीज थोर की क्षेत्र, हा वाद आहे आणि गुणांच्या बाबतीत निकाल बीजाच्या बाजूनं आहे. ती पोथी २५ डिसेंबर १९२७ ला महाडात बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जळली. आता तिचीच राख 'जीन्स' म्हणून विकतात.

अनुवंश खोटा नाही. सिकलसेल विदर्भात आपल्याही घरांत आहे. आई आणि बाप, दोघांकडून तो जीन आला की पोर आजारी पडतं. पण तिथंही तपासणी लवकर झाली, औषध वेळेवर मिळालं, तर पोर सावरतं. बी तेच, जगणं वेगळं.

आळेफाट्याला कांदा आणणाऱ्या कुणालाही विचारा. एका पुडीतलं बी दोन वाफ्यांत टाका. एकाला खत-पाणी, दुसऱ्याला नुसता मुरूम. एकाच वाफ्यात कांदे लहान-मोठे निघाले तर ते बियामुळं. पण दोन वाफ्यांतला फरक जमिनीचा. अमेरिकेत काळ्यांच्या बुद्धीवर वाद पेटला, तेव्हा जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७० मध्ये मक्याच्या बियांचा असाच दाखला दिला होता.

आपल्याच जिल्ह्यातलं बघा. पुण्याच्या केईएम रुग्णालयानं १९९३ पासून सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. मूल सरासरी २.७ किलोचं जन्मलं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं ३.५ किलोचं. ज्या बाया गरोदरपणात जास्त कष्टाची कामं करत होत्या, त्यांची बाळं हलकी. ज्यांच्या पोटात दूध, पालेभाजी, फळं जास्त गेली, त्यांची भरलेली. अक्का सातव्या महिन्यापर्यंत दुसऱ्याच्या रानात कांदा काढत होती. मास्तरांनी हे विचारलं नाही.

म्हणजे सगळं पोटातच ठरलं काय? नाही. मेंदू पहिल्या दोन वर्षांत झपाट्यानं वाढतो, पण शिकायचा पुढंही थांबत नाही. त्याला शिकू देतात का, हा सवाल आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या ६४२ मुलांना वाट शोधायची कोडी घातली. निम्मी वरच्या जातींची, निम्मी खालच्या म्हटलेल्या. जात पुकारली नव्हती तेव्हा दोघं सारखेच. सगळ्यांसमोर जात पुकारली, आणि खालच्यांची कामगिरी घसरली. पोरं तशीच, कोडी तशीच. मधल्या मध्ये जीन बदलले काय?

भाच्याच्या वर्गात "शिष्यवृत्तीवाले उभे राहा" म्हणतात. पोरगं उभं राहतं, तिथंच त्याची जीभ बसते. घरी हाच पोरगा माझं डोकं खातो.

म्हणून अक्का, खरं नाही ते. दोष तुझ्या पोटाचा नाही, त्याच्या रक्ताचा नाही.

आणि आपलं काम? रानात राबणाऱ्या गरोदर बाईला पगारी रजा मिळाली पाहिजे. अंगणवाडी १९७५ पासून आहे. तिथं पोराच्या ताटात अंडं, दूध रोज पडतं का, हे आपण जाऊन बघायचं. वर्गात जात पुकारणाऱ्याला तिथल्या तिथं जाब विचारायचा. मी सोमवारी शाळेत जातोय, अक्काला घेऊन.

रेडा बोलायला चमत्कार लागला. आमच्या पोराला चमत्कार नको. त्याच्या वाफ्याला पाणी सोडा, बास.