लोकांना आवडतं तेच दाखवतात? साफ खोटं!

२ मार्च २०२५, रविवार. रमजानचा पहिला रोजा. त्या दिवशी क्रिकेटचे दोन सामने सुरू होते. एक दुबईत, चॅम्पियन्स ट्रॉफीत भारत विरुद्ध न्यूझीलंड. दोन्ही संघ आधीच उपांत्य फेरीत गेलेले होते. गटात पहिला कोण आणि दुसरा कोण, एवढंच ठरायचं बाकी होतं. दुसरा सामना आमच्या नागपुरात, जामठ्याच्या स्टेडियमवर. रणजी करंडकाची फायनल, विदर्भ विरुद्ध केरळ, पाचवा दिवस. पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी जिंकली.

इफ्तारला दस्तरखान मांडलं तेव्हा आमच्या टीव्हीवर अर्थातच दुबई होती. माझा भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. श्रेयस अय्यरने ७९ धावा कशा काढल्या हे तो खजूर तोंडात असतानाच सांगत होता. मी विचारलं, "आज आपण रणजी जिंकलो. विदर्भाचा कॅप्टन कोण?" त्याला अक्षय वाडकरचं नाव माहीत नव्हतं. हर्ष दुबेने या मोसमात ६९ बळी घेतले, एका रणजी मोसमातला तो विक्रम आहे, हेही माहीत नव्हतं. वर मलाच म्हणाला, "रणजी कौन देखता है मामू? लोगों को जो पसंद है वही दिखाते हैं."

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. कदाचित बोललाही असाल. मला या वाक्याचा राग आहे. ते खोटं आहे, आणि त्या खोट्याची किंमत आपल्यासारख्या वस्त्यांमधली पोरं मोजतात.

मी आदल्या दिवशी, शनिवारी, जामठ्याला गेलो होतो. करुण नायरने शतक ठोकलं. आम्ही बसलो होतो तिथे माणसांपेक्षा रिकाम्या खुर्च्या जास्त. त्याआधी महिनाभर, ६ फेब्रुवारीला, याच मैदानावर भारत आणि इंग्लंडची वनडे झाली होती. तेव्हा माझ्या ऑफिसातले निम्मे लोक 'तब्येत बरी नाही' म्हणून सुट्टीवर होते आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या स्टेटसवर जामठा होतं. मैदान तेच, खेळ तोच, शहर तेच. मग फरक 'आवडी'चा कसा?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. लोकांना पुढे काय दाखवायचं हे ठरवणाऱ्या प्रोग्रॅमवर काही वर्षं काम केलंय. त्यातली एक साधी गोष्ट सांगतो. तुम्हाला काय आवडेल हे त्या प्रोग्रॅमला कळत नाही. त्याच्याकडे फक्त नोंद असते, कुणी काय पाहिलं याची. जे जास्त पाहिलं गेलं ते तो वर आणतो. वर आलेलं आणखी पाहिलं जातं. आणि जे कधी दाखवलंच नाही, त्यापुढे शून्य. ते शून्य नापसंतीचं नसतं. पण महिन्याच्या मीटिंगमध्ये कुणीतरी तो आकडा बघतो आणि म्हणतो, याला मागणी नाही. खेळांचंही अगदी हेच झालंय.

क्रिकेटचं वेड आपल्या रक्तातच आहे असं म्हणणाऱ्यांनी थोडा इतिहास बघावा. १९२८ ते १९५६ या काळात भारताने हॉकीत लागोपाठ सहा ऑलिम्पिक सुवर्णपदकं जिंकली. तेव्हा देशाचा जीव हॉकीत होता. १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये आपण फुटबॉलचं सुवर्ण जिंकलं, प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. मग काय बदललं? १९८३ चा विश्वचषक आला आणि त्याच दशकात घराघरांत टीव्ही आला. १९९३ च्या हिरो कपच्या वेळी प्रक्षेपणावरून दूरदर्शन आणि क्रिकेट संघटना यांच्यात कोर्टकचेरी झाली. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रक्षेपणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी चालणार नाही. जनतेची मालमत्ता हे शब्द कागदावर राहिले. लहरी गेल्या जाहिरातदाराकडे.

आणि जाहिरातदाराला क्रिकेटइतका सोयीचा खेळ दुसरा नाही. वनडेत शंभर षटकं, प्रत्येक षटकानंतर एक फट, प्रत्येक फटीत एक जाहिरात. विकेट पडली की आणखी एक. फुटबॉल ४५ मिनिटं थांबत नाही, तिथे साबण कुठे विकणार? आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना विकले गेले. सामने ४१०. म्हणजे एका सामन्याला सुमारे ११८ कोटी. एवढे पैसे ओतलेला माणूस तुमच्या आवडीची वाट बघत बसत नाही. तो ती तयार करतो.

यावर कुणी म्हणेल, तयार करून होत नाही, मुळात खेळात दम लागतो. ठीक आहे. कबड्डीचं बघू. १९९० ते २०१० सहा एशियाड झाली, पुरुष कबड्डीत भारताने सहाही सुवर्णं जिंकली. त्यातल्या किती संघांचे कर्णधार तुम्हाला आठवतात? मग जुलै २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग आली. मॅट, झगमगते दिवे, जवळून टिपणारे कॅमेरे, चढाईची गोष्ट सांगणारे समालोचक आणि रोज रात्रीची ठरलेली वेळ. पहिल्याच मोसमात सुमारे साडेत्रेचाळीस कोटी लोकांनी ती पाहिली. खेळ तोच होता, बरेच खेळाडूही तेच होते. एका मोसमात लोकांची आवड बदलली का? नाही. पहिल्यांदा नीट दाखवलं गेलं, एवढंच.

खो-खोचा विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही भारतीय संघ जिंकले. दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. महिला संघात दिल्लीची नसरीन शेख होती, अर्जुन पुरस्कार मिळालेली, आणि जम्मू-काश्मीरची नाझिया बीबी होती. आपल्या किती ग्रुपवर ही दोन नावं फिरली? माझ्या ग्रुपवर नाही फिरली. मीही पाठवली नाहीत.

लक्षाचं रूपांतर पैशात कसं होतं तेही बघा. २०२४ च्या जूनअखेरीस भारताने टी-२० विश्वचषक जिंकला. बीसीसीआयने १२५ कोटी जाहीर केले, वर महाराष्ट्र शासनाने ११ कोटी. त्यानंतर महिनाभरात, १ ऑगस्टला, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्य जिंकलं. खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी मराठी मातीला मिळालेलं हे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्याला शासनाने जाहीर केला १ कोटी. पुढे रक्कम वाढवली, पण पहिला हिशेब काय होता ते दिसलं. ज्यांच्याकडे आधीच १२५ कोटी होते त्यांना आणखी ११.

आता घराजवळ येतो. मी मोमिनपुऱ्याच्या फुटबॉल ग्राउंडजवळ वाढलो. कामठीचा रब्बानी क्लब आणि आमचा यंग मुस्लिम क्लब यांची मॅच असली की बोळ रिकामे व्हायचे. आमच्या मामूंच्या पिढीला चेंडूच्या आवाजावरून कुणी किक मारली ते कळायचं. माझ्या वर्गात एक मुलगा होता, डाव्या पायाचा विंगर. तसा खेळाडू मी पुन्हा पाहिला नाही. सतराव्या वर्षी त्याने खेळ सोडला. घरात पैसा नव्हता, आणि खेळून काही होईल असं त्याला कुणी सांगू शकलं नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी वरच्या स्पर्धेतलं प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी निवड लागते, आणि निवडीसाठी आधी कुणीतरी पाहावं लागतं. त्याला कुणी पाहिलं नाही. तो आता मोबाईल दुरुस्त करतो. त्याच्या एकाही गोलची कुठे नोंद नाही, फोटो नाही. उद्या मी म्हटलं की तो मोठा खेळाडू होता, तर माझ्याकडे पुरावा काय?

याच शहरात विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांचं फुटबॉल सुरू केलं. नागपूरच्या बऱ्याच लोकांना ते कळलं २०२२ मध्ये, 'झुंड'मध्ये अमिताभ बच्चन आले तेव्हा. रहीम साहेबांचं नाव आपल्या पोरांना कळलं २०२४ मध्ये, 'मैदान' लागला तेव्हा. म्हणजे आपल्याच अंगणातला खेळ दिसायलाही आपल्याला मोठा पडदा लागतो.

इथवर दोष इतरांचा. आता आपला.

मुसलमान खेळाडूकडे आपण सगळेच फार लक्ष देतो, पण खेळ सोडून इतर गोष्टींकडे. ऑक्टोबर २०२१ मध्ये भारत पाकिस्तानकडून हरला, तेव्हा मोहम्मद शमीला त्याच्या नावावरून शिव्या घातल्या गेल्या. आपण संतापलो, बरोबरच होतं. पण ४ मार्च २०२५ ला, दुबईतल्या सेमीफायनलमध्ये, त्याच शमीने रोज्याच्या महिन्यात मैदानावर बाटलीतून एक घोट घेतला. एका मौलानांनी त्याला गुन्हेगार ठरवलं आणि आपले ग्रुप दोन दिवस त्या घोटावर भांडले. त्या सामन्यात शमीने ऑस्ट्रेलियाचे ३ बळी घेतले होते, स्टीव्ह स्मिथचा त्रिफळा उडवला होता. त्यावर किती मेसेज आले? २००५ मध्ये सानिया मिर्झाच्या फोरहँडपेक्षा तिच्या स्कर्टची चर्चा आपल्यात जास्त झाली. निखत झरीन २०२२ आणि २०२३, दोन्ही वर्षी बॉक्सिंगची जगज्जेती झाली. आपल्या मोहल्ल्यातल्या किती मुलींना ते माहीत आहे?

हा रोग फक्त आपला नाही, हेही सांगतो. नागपूरची दिव्या देशमुख जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या स्पर्धेनंतर जाहीरपणे म्हणाली होती की प्रेक्षक माझे कपडे, केस, उच्चार बघतात, खेळ सोडून सगळं. दीड वर्षाने, जुलै २०२५ मध्ये, तिने बातुमीला कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला, १९ व्या वर्षी ग्रँडमास्टर झाली, आणि मग अख्खं नागपूर विमानतळावर गेलं. मीही टाळ्या वाजवल्या. पण त्याआधी ती दहा-बारा वर्षं याच शहरात खेळत होती. जिंकल्यावर टाळ्या वाजवणं सोपं असतं. खेळाडूला गरज असते ती त्याआधीच्या वर्षांत.

एक गोष्ट मान्य करतो. काही खेळ बघायला खरंच कठीण आहेत. नेमबाजीत काय चाललंय हे नवख्याला कळत नाही. देशाचा संघ खेळताना जी धडधड होते ती क्लबच्या सामन्यात होत नाही. पण क्रिकेटचा एलबीडब्ल्यू तरी आपल्याला जन्मतः कळत होता का? कुणीतरी समजावून सांगितला, शेकडो वेळा सांगितला, तेव्हा कळला. समजावून सांगणारा असला की आवड येते. मग ते सांगणारे आपण का होऊ नये? आपल्यातल्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. चॅनेलवाल्यांची वाट बघायची गरज उरलेली नाही.

म्हणून माझं मागणं छोटं आहे. तुमच्या गावात, मग ते मालेगाव असो, भिवंडी असो की कामठी, जो खेळ खेळला जातो त्याचा एक सामना महिन्यातून एकदा पूर्ण बघा. स्कोअर, गोल करणाऱ्याचं पूर्ण नाव, तारीख, ठिकाण लिहून ठेवा आणि मराठी पेपरच्या स्थानिक बातमीदाराला त्याच रात्री पाठवा. मुलींचा सामना असेल तर आधी तिथे जा, आणि तिच्या पासबद्दल बोला, पेहरावाबद्दल नाही. निवडणुकीत नगरसेवक दारात आला की रस्ता-नाल्याबरोबर ग्राउंडच्या लाइटचंही विचारा.

मागच्या रविवारी मी मोमिनपुऱ्याच्या ग्राउंडवर मोबाईल स्टँडवर लावला आणि सोळा वर्षांखालच्या पोरांची मॅच थेट दाखवली. समालोचन माझ्या भाच्याने केलं. सुरुवातीला तो लाजत होता, नंतर त्याचा घसा बसला. एकूण ३१ जणांनी पाहिलं, त्यातले ९ आमच्या घरचे. माझ्या ऑफिसात हा आकडा कुणी मोजलासुद्धा नसता. पण एका पोराने डाव्या पायाने गोल मारला आणि त्याचं नाव, मिनिट, तारीख आता नोंदलेलं आहे. रात्री त्याच्या अम्मीने भाच्याला फोन केला. तो गोल पुन्हा कुठे बघायला मिळेल, एवढंच तिला विचारायचं होतं.