धावू या, पण टी-शर्टशिवाय

बेघरांसाठी निधी जमवायला शर्यत घ्यावी का, हा विषय निघाला की दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, "धावायचे कशाला? पैसे सरळ देऊन टाका." दुसरे म्हणते, "मस्त! बॅनर लावू, टी-शर्ट छापू, मेडल देऊ." मला दोन्ही पटत नाहीत.

आधी गरज पाहू. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख बेघर नोंदले गेले. त्यांतले जवळजवळ दीड लाख मध्य प्रदेशातले. मोठ्या शहरांत दर एक लाख वस्तीमागे एक निवारा हवा आणि तो बारा महिने, चोवीस तास उघडा हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले. जबलपूर शहराची लोकसंख्या २०११ मध्येच साडेदहा लाख होती. म्हणजे इथे निदान दहा रैनबसेरे हवेत. जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांखाली जातो. आपण डॉर्मिटरीत पांघरुणात असतो, तेव्हा स्टेशनबाहेर आणि ग्वारीघाटावर माणसे उघड्यावर झोपलेली असतात.

मग शर्यतच का? कारण शर्यतीमुळे मागायला निमित्त मिळते. मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली. तिथे अनेक धावपटू एखाद्या संस्थेसाठी ओळखीच्या लोकांकडून देणग्या मागतात आणि त्यातून कोट्यवधी रुपये उभे राहतात. धावणारा एकटाच देत नाही, तो दहा जणांना द्यायला लावतो. त्या दहा जणांना प्रश्नही समजतो.

आपल्याला हे सोपे आहे. बी.पी.ई.टी.ची पाच किलोमीटरची धाव आपल्या ओळखीची आहे. मैदान आपले, पी.टी. किट आपले. टी-शर्ट आणि मेडल नसले की खर्च जवळजवळ नाहीच. एका कॅडेटने दहा जणांकडून किलोमीटरला दहा रुपये कबूल करून घेतले, तर त्याचे पाचशे रुपये होतात. शंभर कॅडेट धावले तर पन्नास हजार.

एक अट मात्र हवी. जमलेल्या रकमेवर हाऊसला गुण देऊ नयेत. कोणाचे वडील जवान आहेत, कोणाचे शेतकरी, कोणाचे व्यापारी. पैशांवर गुण दिले तर ती पालकांच्या खिशांची शर्यत होईल. गुण द्यायचेच असतील, तर किती जण धाव पूर्ण करतात त्यावर द्यावेत.

दुसरी गोष्ट खर्चाची. थंडीत ब्लँकेट वाटणारे पुष्कळ असतात. जुलैच्या पावसात कोणी फिरकत नाही. म्हणून धावण्याआधी दोन कॅडेट आणि एक प्रशिक्षक यांनी रैनबसेऱ्यात जाऊन तिथे राहणाऱ्यांनाच विचारावे, की काय कमी पडते. कदाचित औषधे सांगतील, कदाचित मच्छरदाण्या, कदाचित सामान ठेवायला कुलपाची पेटी. ते ऐकून पैसे वर्षभरात चार वेळा खर्च करावेत आणि दर वेळी हिशेब नोटीस बोर्डावर लावावा.

निवारे बांधणे सरकारचे काम आहे आणि ते आपल्या पाच किलोमीटरने होणार नाही, हे मान्य. पण आहेत त्या निवाऱ्यांत माणसाला नीट राहता यावे, एवढे आपल्याला जमेल. वार्षिक क्रॉस-कंट्री दर वर्षी होतेच. यंदाची या कामासाठी घ्यावी, अशी माझी शाळेला विनंती आहे. पालकांनो, तुमच्या मुलाचा फोन आला तर किलोमीटरला दहा रुपये कबूल करा, आणि पुढे हिशेबही विचारा.